पुनरुत्थानाचे मंदिर
(यरुशलेमेतील एका पुरातन ख्रिस्तमंदिराचा इतिहास)



गेल्या सत्रात एके दिवशी वरच्या वर्गात रोमन साम्राज्याचा पाठ चालला होता. ओघाने यरुशलेमेतील पवित्र कबरेच्या मंदिराची गोष्ट निघाली. ते चौथ्या शतकात प्रथम बांधिले गेले, पुढे ते जाळण्यात आले, पायापर्यंत पाडण्यात आले, आगीने व भूकंपाने खिळखिळे झाले, आणि प्रत्येक वेळी ते पुनः उभे राहिले, असे सांगून मी एकामागून एक सन फळ्यावर मांडीत होतो. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, ज्याचा घुमट नवा, खांब नवे आणि भिंतीही नव्या, त्या इमारतीस सतराशे वर्षांची जुनी इमारत म्हणणे खरेपणाचे होईल काय?"

वर्गात थोडा हशा पिकला; परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. उत्तरास आरंभ करतो न करतो तोच घंटा झाली. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. प्रश्न विचारणाऱ्याने तो शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

१. जागा

प्रथम जागेचा विचार करू. शुभवर्तमानांत असे सांगितले आहे की, प्रभू येशू ख्रिस्ताला गुलगुथा नावाच्या ठिकाणी वधस्तंभावर खिळिले, ते ठिकाण नगराजवळ होते, आणि तेथे एक बाग असून बागेत खडकात खोदलेली नवी कबर होती. आज हे मंदिर यरुशलेमेच्या जुन्या तटाच्या आत आहे. यावरून कित्येकांना शंका येते की, वधाची व पुरण्याची जागा नगराच्या बाहेर असावयास हवी, मग ही आत कशी? त्याचे उत्तर असे की, ज्या तटामुळे ही जागा नगरात आली तो तट वधस्तंभाच्या घटनेनंतर दहाबारा वर्षांनी, हेरोद अग्रिप्पा राजाच्या वेळी, म्हणजे इ. स. ४१ ते ४४ या काळात बांधावयास घेतला होता. त्यापूर्वी ही जागा तटाबाहेरच होती.

विसाव्या शतकात मंदिराच्या जमिनीखाली उत्खनन झाले, तेव्हा तेथे दगडाची जुनी खाण असल्याचे आढळून आले. मंदिराच्या पश्चिमेकडील भागात पहिल्या शतकातील यहुदी पद्धतीच्या खडकातील कबरीही आहेत. यहुदी लोक वस्तीच्या आत प्रेते पुरीत नसत. यास्तव ही जागा त्या काळी नगराबाहेर होती, हे सिद्ध होते. १८८३ साली इंग्रज सेनापती गॉर्डन याने तटाबाहेरील एका टेकडीस खरे गुलगुथा मानिले, व तिच्याजवळील कबरेस भेट देणारे पुष्कळ लोक आजही आहेत. ती जागा शांत व मनोरम आहे खरी. परंतु ती कबर ख्रिस्ताच्या कित्येक शतके आधी खोदलेली असावी, असे पुराणवस्तुसंशोधकांचे मत पडले आहे.

२. पहिले मंदिर

इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने यरुशलेमेचा विध्वंस केला. पुढे सुमारे साठ वर्षांनी बादशहा हेड्रियन याने त्या ओसाड नगरीच्या जागी नवे रोमन शहर वसविले, आणि त्या खाणीवर भराव घालून वर एक देवालय उभारिले. ते व्हीनस देवीचे होते, असे इतिहासकार युसेबियस लिहितो. गंमत अशी की, जागा झाकण्यासाठी घातलेल्या त्या भरावानेच ती जागा जपून ठेविली.

चौथ्या शतकात बादशहा कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्मास अनुकूल झाला. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेनंतर यरुशलेमेचा बिशप मकारियस याच्या देखरेखीखाली ते देवालय काढून भराव उपसण्याचे काम सुरू झाले. भरावाखाली खडकातील एक कबर निघाली, व यरुशलेमेतील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जी आठवण सांगत आली होती ती हीच, असे सर्वांनी मानिले. बादशहाची वृद्ध माता हेलेना याच सुमारास यात्रेस आली होती.

बांधकाम करणाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. कबरेच्या सभोवतालचा डोंगर त्यांनी तासून काढला आणि कबरेचा खडक मात्र एखाद्या खोलीसारखा मध्ये मोकळा उभा ठेविला. त्या खोलीभोवती पुढे खांबांचे एक गोल मंदिर झाले. त्यास ग्रीक भाषेत 'आनास्तासिस', म्हणजे पुनरुत्थान, असे नाव पडले. त्याच्या पूर्वेस अंगण, व अंगणापलीकडे पाच दालनांचे विस्तीर्ण सभामंदिर होते. इ. स. ३३५ च्या सप्टेंबर महिन्यात या सर्वांचे समर्पण झाले. पाश्चात्य ख्रिस्ती लोक या वास्तूस पवित्र कबरेचे मंदिर म्हणतात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स लोक मात्र आजही पुनरुत्थानाचे मंदिर असेच म्हणतात. त्याच शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री पश्चिमेकडील दूर देशातून येथे आली. सायंकाळच्या उपासनेसाठी दिवे लावताना विस्तव बाहेरून आणीत नसत, कबरेच्या गुहेत अहोरात्र तेवणाऱ्या दिव्यावरूनच तो घेत असत, असे तिने लिहून ठेविले आहे.

३. आग आणि औदार्य

जवळजवळ तीनशे वर्षे हे मंदिर वैभवात राहिले. इ. स. ६१४ मध्ये इराणच्या सैन्याने यरुशलेम घेतले, मंदिरास आग लाविली, आणि धर्माध्यक्ष जखऱ्या यास कैद करून नेले. मागे राहिलेल्यांत मोदेस्तस नावाचा एका मठाचा प्रमुख होता. त्याने चोहीकडून वर्गणी गोळा करून मंदिराची दुरुस्ती केली. सम्राटाच्या खजिन्यातून बांधिलेले मंदिर या वेळी सामान्य लोकांच्या देणग्यांनी सावरले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इ. स. ६३८ च्या सुमारास यरुशलेम अरबांच्या हाती आले. या वेळची एक गोष्ट दहाव्या शतकातील एका ख्रिस्ती धर्माध्यक्षानेच लिहून ठेविली आहे. खलिफा उमर मंदिरात असता नमाजाची वेळ झाली. धर्माध्यक्ष सोफ्रोनियस याने तेथेच नमाज पढण्याची विनंती केली. परंतु उमर बाहेर गेला आणि पायरीवर एकट्याने त्याने नमाज केला. 'मी आत प्रार्थना केली असती, तर माझ्यामागे माझे लोक हे मंदिर तुमच्यापासून घेते', असे कारण त्याने दिल्याचे ही कथा सांगते. जिंकलेल्याने हरलेल्याच्या वास्तूविषयी पुढच्या पिढ्यांचा विचार करावा, हे औदार्य थोडके नव्हे.

४. समूळ विध्वंस

परंतु सर्वच राज्यकर्ते उमरसारखे नव्हते. इ. स. १००९ मध्ये इजिप्तचा खलिफा अल्‌-हाकिम याने मंदिर समूळ पाडण्याचा हुकूम सोडिला. सभामंदिर भुईसपाट झाले. कबरेचा खडकही घणांनी फोडण्यात आला. जे पाडणे फार कठीण गेले तेवढेच उरले.

पुढे त्याचा मुलगा खलिफा झाल्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक सम्राटांशी तह झाला व मंदिर पुनः बांधण्याची परवानगी मिळाली. सम्राट नववा कॉन्स्टंटाइन याच्या कारकिर्दीत, इ. स. १०४८ च्या सुमारास, हे काम पुरे झाले. गोल मंदिर जुन्याच पायावर उभे राहिले. पूर्वेकडील मोठे सभामंदिर मात्र पुनः कधीच बांधिले गेले नाही.

५. क्रूसेडर

आता जो भाग सांगावयाचा आहे तो ख्रिस्ती लेखकाने खाली मान घालूनच सांगितला पाहिजे. इ. स. १०९९ च्या जुलैच्या १५ तारखेस युरोपातून आलेल्या क्रूसेडर सैन्याने यरुशलेम जिंकले, आणि नगरातील मुसलमान व यहुदी रहिवाशांची भयंकर कत्तल केली. त्यांच्या बाजूचेच बखरकार सांगतात की, कत्तलीनंतर ते याच मंदिरात आले व आनंदाश्रू ढाळीत त्यांनी देवाचे स्तवन केले. ज्याने आपल्या शत्रूंसाठी क्षमा मागितली त्याच्या कबरेपुढे हे घडले! अल्‌-हाकिमने दगड फोडिले. या लोकांनी त्या दगडांचा अर्थच पायाखाली तुडविला.

इतिहासाचा न्याय मात्र असा की, दोषाबरोबर गुणही नोंदवावा लागतो. क्रूसेडरांनी गोल मंदिर, गुलगुथाचा खडक आणि मधले अंगण ही सर्व एका छपराखाली आणून मंदिरास आजचे रूप दिले, व इ. स. ११४९ मध्ये त्याचे समर्पण केले. दक्षिणेकडील दोन कमानींचे जे दर्शनी द्वार आज यात्रेकरूंस दिसते ते त्यांच्याच हातचे. भूमिगत हेलेना-मंदिराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या भिंतींवर असंख्य लहान लहान क्रूस कोरलेले आहेत, तेही यात्रेकरूंच्या भक्तीची साक्ष देतात.

६. सलाउद्दीन आणि किल्ली

इ. स. ११८७ मध्ये सुलतान सलाउद्दीन याने यरुशलेम परत घेतले. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या कत्तलीचा सूड घेण्यास तो समर्थ होता. परंतु खंडणी ठरवून त्याने लोकांस जिवानिशी जाऊ दिले. मंदिर पाडावे म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरू येणार नाहीत, असा सल्ला काही दरबाऱ्यांनी दिला. त्यावर इतरांनी जे उत्तर दिले ते सुलतानाच्या चिटणिसाने नमूद केले आहे. त्याचा भावार्थ असा : यांची भक्ती इमारतीवर नाही, जागेवर आहे, इमारत उखडून टाकिली तरी लोक येतच राहतील, शिवाय खलिफा उमरने जे राखिले ते आपण का मोडावे? सुलतानाने हे म्हणणे मान्य केले.

दोन कमानींपैकी एक पुढे चिणून बंद करण्यात आली. ती आजही बंद आहे. उरलेल्या दाराची किल्ली जूदेह नावाच्या मुसलमान घराण्याकडे, आणि दार उघडण्या-लावण्याचे काम नुसैबेह नावाच्या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे आहे. ही वहिवाट कित्येक शतकांची आहे. ख्रिस्ती जगातील अत्यंत पवित्र मानलेल्या मंदिराचे दार रोज मुसलमान हातांनी उघडते, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

७. भाऊबंदकी

इ. स. १५१७ पासून यरुशलेम तुर्की सुलतानांच्या अमलाखाली आले. मंदिरात आज सहा पंथांचे हक्क आहेत : ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथॉलिक, अर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सुरियानी. यांपैकी सुरियानी पंथाच्या लोकांची मोठी वस्ती आपल्या देशात केरळातही आहे. मधला मोठा गाभारा ग्रीक ऑर्थोडॉक्सांकडे आहे, आणि मंदिराचा सर्वांत मोठा भाग त्यांच्याच ताब्यात आहे.

इ. स. १८०८ मध्ये मंदिरास मोठी आग लागली. लाकडी घुमट जळून कबरेवरील लहान वास्तूवर कोसळला. तेव्हा ग्रीक लोकांनी वर्गणी जमवून, सुलतानाची परवानगी मिळवून, मितिलिनीच्या कोम्निनोस नावाच्या स्थपतीकडून १८१० पर्यंत जीर्णोद्धार केला. कबरेवर आज जी संगमरवरी खोली दिसते ती त्या वेळची.

येथवर शत्रू, अग्नी आणि भूकंप यांची कथा झाली. यापुढील संकट घरातलेच होते. आपल्याकडे समाईक विहिरीचे जे होते तेच येथे झाले. पाणी सर्वांचे, पण गाळ कोणी काढावयाचा? किंबहुना येथे गोष्ट याहून बिकट होती. जो दुरुस्ती करतो तो मालक ठरतो, असा तुर्की अमदानीत संकेत असल्यामुळे कोणताही पंथ दुसऱ्यास खिळा ठोकू देण्यास तयार नसे. तंटे वाढले, तेव्हा १७५७ मध्ये व पुनः १८५२ मध्ये सुलतानांनी फर्माने काढून जो ज्या जागी आहे त्याने तेथेच राहावे, असे ठरविले. कोणता दिवा कोणी लावावा व कोणती पायरी कोणी झाडावी हेसुद्धा वहिवाटीने ठरले. दर्शनी दारावरील खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी आहे. ती अठराव्या शतकातील चित्रांतही दिसते. सर्वांच्या संमतीवाचून ती हलवावयाची नाही, म्हणून ती अद्यापि तेथेच आहे! यरुशलेमेतील व बेथलेहेमातील पवित्र स्थानांच्या हक्कांचा वाद हे १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धाचे एक कारण झाले. आमच्याच काळातही, २००८ च्या नोव्हेंबरात, ग्रीक व अर्मेनियन भिक्षूंमध्ये मंदिराच्या आत मारामारी झाली, व पोलिसांना आत यावे लागले.

१९२७ च्या भूकंपाने मंदिरास भेगा पडल्या. पंथांचे एकमत होईना. शेवटी इंग्रज सरकारने टेकू दिले, व १९४७ मध्ये कबरेवरील खोली फुटू नये म्हणून तिला लोखंडी तुळयांनी जखडून टाकिले. दुखावलेल्या हातास बांधलेल्या फळ्यांप्रमाणे त्या तुळया सुमारे सत्तर वर्षे तेथे होत्या.

८. समेट

अखेर शहाणपण आले. १९५९ मध्ये ग्रीक, कॅथॉलिक व अर्मेनियन या तीन मुख्य पंथांनी सर्व मंदिराच्या दुरुस्तीचा करार केला. खांब, कमानी व भिंती सुधारण्यास दशके लागली. गोल मंदिराच्या घुमटाचे काम १९९७ मध्ये पुरे झाले. २०१६ च्या मार्चमध्ये कबरेवरील खोलीविषयीही करार झाला, व अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठातील तज्ज्ञांनी, प्राध्यापिका आन्तोनिया मोरोपूलू यांच्या नेतृत्वाखाली, काम हाती घेतले. खर्चास ख्रिस्ती मंडळ्यांखेरीज जॉर्डनच्या मुसलमान राजानेही हात लाविला. संगमरवराचे तक्ते उतरवून आतील चुना भक्कम करण्यात आला व टायटॅनियम धातूच्या खिळ्यांनी तक्ते पक्के बसविण्यात आले. २०१७ च्या मार्चमध्ये ती वास्तू पुनः खुली झाली, तेव्हा लोखंडी तुळया निघून गेल्या होत्या.

या कामाच्या वेळी, २०१६ च्या ऑक्टोबरात, कबरेच्या ओट्यावरील संगमरवरी तक्ता कित्येक शतकांनी प्रथमच सरकविण्यात आला. पाहण्यास सुमारे साठ तासांचाच अवधी होता. वरच्या तक्त्याखाली भराव, त्याखाली क्रूस कोरलेला आणखी एक भंगलेला करडा तक्ता, आणि त्याखाली मूळ चुनखडीचा खडक! खालच्या तक्त्याखालील चुन्याची शास्त्रीय परीक्षा केली असता तो इ. स. ३४५ च्या सुमाराचा, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या पिढीतला, ठरला. कबरेत कोण निजले होते हे चुना सांगू शकत नाही. तो श्रद्धेचा प्रश्न आहे. पण चौथ्या शतकात ज्या कबरेचा सन्मान झाला ती हीच, एवढे त्याने सांगितले.

९. प्रश्नाचे उत्तर

आता मागच्या बाकाकडे वळू. "ही इमारत जुनी म्हणावी काय?"

पहिले उत्तर दगडांचे. दगडाची जुनी खाण खाली आहे; चौथ्या शतकातील भिंतीचा काही भाग गोल मंदिरात अद्यापि उभा आहे; अकराव्या शतकाची डागडुजी, बाराव्या शतकाचे दार, एकोणिसाव्या शतकाचा संगमरवर, एकविसाव्या शतकाचे टायटॅनियम, ही सर्व एकाच छपराखाली नांदतात. म्हणजे इमारत पुष्कळशी नवी असून तिचा पाया व खूण जुनी आहे. तारखा देताना हा भेद सांगितला पाहिजे. न सांगणे हे खोटेपणाचे होय. प्रश्न विचारणाऱ्याचा आग्रह योग्यच होता.

दुसरे उत्तर माणसांचे. सलाउद्दीनच्या दरबारातील त्या सल्लागारांनी ते केव्हाच देऊन ठेविले आहे : लोक जागेसाठी येतात. मंदिर उद्ध्वस्त असतानाही कोणी तरी आठवण जपली, म्हणून पुनः पाया कोठे घालावा हे ठाऊक राहिले. सतराशे वर्षांत अखंड राहिलेली वस्तू म्हणजे ती आठवण, आणि पडलेले पुनः उभारण्याचा निश्चय. त्या अर्थाने मंदिर जुने खरे.

तिसरे उत्तर मला या वयात अधिक महत्त्वाचे वाटते. अग्नी, भूकंप व अल्‌-हाकिम यांतून जे तरले ते राखणदारांच्याच भांडणाने कोसळण्याच्या बेतास आले होते. आणि ते वाचले ते कोणा एकाचा हक्क सिद्ध झाल्यामुळे नव्हे, तर तिघांनी एकत्र बसून सही केल्यामुळे. पालकहो, आपल्या घरांच्या, संस्थांच्या व मंडळ्यांच्या भिंतींचीही हीच कथा असते. पूर्वजांनी बांधिले म्हणून वास्तू टिकत नाही. प्रत्येक पिढीस तिच्या वाट्याची दुरुस्ती करावीच लागते, आणि ती शेजाऱ्याच्या हातास हात लावून करावी लागते.

विद्यार्थ्यांनी विचार करावा असे तीन प्रश्न

१. खलिफा उमर मंदिराच्या आत प्रार्थना न करता बाहेर का गेला? त्यात कोणती दूरदृष्टी दिसते?

२. हेड्रियनने घातलेल्या भरावाने कबरेची जागा नष्ट न होता जपली गेली, ती कशी?

३. आपल्या गावातील एखादी जुनी वास्तू पाहून तिचा कोणता भाग कोणत्या काळचा आहे, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहा. तिची शेवटची दुरुस्ती कोणी व कोणाच्या मदतीने केली, हेही अवश्य लिहा.